टीव्ही गेमच्या जुन्या कॅसेटी ओरिजनल आहेत का, हे उघडल्याशिवाय कळत नाही

प्रश्न डिचोलीहून आलाय. थोडक्यात परत मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. मामाच्या जुन्या घराची कौलं उतरवायचं काम निघालं आणि माळ्यावर पत्र्याची पेटी सापडली. आत लाल-पांढरा टीव्ही गेम, दोन अडॅप्टर, एक बंदूक आणि ३४ कॅसेटी. मामा नव्वदच्या दशकात बाहरीनला होते, दर सुट्टीला येताना दोन-चार आणायचे. बऱ्याच कॅसेटींच्या पाठीवर बॉलपेनने 'टँक', 'माकड', 'बदक' असं लिहिलंय. विचारलंय असं की यातल्या ओरिजनल किती, विकल्या तर किती येतील, ऑनलाइन एखादं 'ओरिजनल' मशीन मागवून त्यावर लावून बघू का, आणि विकायच्या आधी ते पेनाचं लिहिलेलं स्पिरिटने पुसून टाकू का.

शेवटच्याचं उत्तर आधी देतो कारण ते घाईचं आहे: पुसू नका. का ते खाली येईलच.

माझी ओळख एवढीच की मी फोंड्याला १९९३ पासून टीव्ही-व्हीसीआर दुरुस्ती करत आलो, तेव्हा चवथीच्या सुट्टीत मुलं टीव्ही गेम घेऊन दुकानात रांग लावायची, आणि लोक न्यायला आलेच नाहीत अशा मशीनांतून माझा संग्रह सुरू झाला. आज साडेतीनशेच्या आसपास कॅसेटी आहेत. त्यातल्या निम्म्याहून जास्त डुप्लिकेट आहेत आणि मला त्याचं अजिबात वाईट वाटत नाही.

तुमचे प्रश्न चार दिसतात पण खरा प्रश्न एकच, तुम्हाला या पेटीचं करायचंय काय? खेळायचं असेल तर ओरिजनल-डुप्लिकेटने फारसा फरक पडत नाही, विकायचं असेल तर फार पडतो, आणि मामाची आठवण म्हणून ठेवायचं असेल तर सगळा हिशोबच वेगळा. हे तुम्ही ठरवा. पण तिन्हीसाठी पहिली पायरी सारखीच आहे, ती म्हणजे आज काहीही प्लगमध्ये घालू नका.

का, ते माझ्याच मूर्खपणावरून सांगतो. एका तारवट्याने, म्हणजे बोटीवर कामाला असलेल्याने, सुट्टीवर येताना जपानहून मशीन आणलं होतं, खरं, पेटीसकट. मी उत्साहात त्याचा अडॅप्टर सरळ आपल्या सॉकेटला लावला. जपानमधे घरची वीज १०० व्होल्ट, आपली २३०. दोन मिनिटं सगळं ठीक वाटलं आणि मग तो करपल्याचा वास, ट्रान्सफॉर्मर गेला आणि जाताना आतला रेग्युलेटरही घेऊन गेला. अडॅप्टरवर '१०० व्ही' असं स्पष्ट छापलेलं होतं, वाचलं मी नाही.

तुमच्याकडे दोन अडॅप्टर आहेत म्हणजे गोंधळाला जागा दुप्पट. फॅमिकॉमला, म्हणजे निन्टेन्डो कंपनीच्या जपानी टीव्ही गेमला, १० व्होल्ट डीसी लागतो आणि त्याच्या पिनेच्या मधे मायनस असतो, आपल्या नेहमीच्या अडॅप्टरांच्या उलट. त्याच कंपनीच्या अमेरिकन मशीनचा अडॅप्टर तर ९ व्होल्ट एसी देतो. तो अमेरिकन मशीनमधे चालतो कारण तिथे आत एसीचा डीसी करणारा ब्रिज रेक्टिफायर आहे, फॅमिकॉममधे तो नाही, त्यामुळे पिन बसते म्हणून लावलात की संपलं. नकली मशीनांत बहुतेक वेळा ९ व्होल्ट डीसी असतो पण मधे प्लस का मायनस हे प्रत्येकाचं आपलं आपलं, जॅकच्या शेजारी छोटं गोल चिन्ह असतं ते भिंग घेऊन बघा. मल्टीमीटर दोनशे-तीनशे रुपयांत मिळतो, तो घ्या. आणि ९ लिहिलेल्या जुन्या अडॅप्टरवर मीटरने १२-१३ दाखवलं तर घाबरू नका, लोड नसताना ते जास्तच दाखवतात.

आता मशीन. लाल-पांढरं आहे एवढ्यावरून ते निन्टेन्डोचं ठरत नाही, कारण बऱ्याच नकला त्याच रंगात यायच्या. खरं फॅमिकॉम जपानमधे १५ जुलै १९८३ ला आलं. त्याचे दोन्ही रिमोट मशीनला कायमचे जोडलेले असतात, मागून वायर निघते, काढता येत नाही. दुसऱ्या रिमोटला स्टार्ट-सिलेक्ट बटणं नसतात, त्या जागी छोटा माईक आणि आवाजाची सरकपट्टी असते. तुमच्या मशीनचे रिमोट ९ पिनांच्या सॉकेटमधून सुटत असतील आणि दोन्हींवर टर्बोची जादा बटणं असतील तर ती नक्कल. मला वाटतं तसंच निघेल. आणि तुमच्यासाठी ते चांगलंच आहे! खऱ्या फॅमिकॉमचं सिग्नल फक्त जपानी टीव्हीच्या १ किंवा २ नंबर चॅनेलवर येतं, ते ९१ आणि ९७ मेगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे आपल्याकडे जिथे एफएम रेडिओ लागतो त्या पट्ट्यात. आपला टीव्ही तिथे सहसा पोचत नाही, वर रंगही एनटीएससी, म्हणजे जपान-अमेरिकेच्या पद्धतीचा. आखातातून आलेली नक्कल मात्र पॅल, म्हणजे आपल्या टीव्हीच्या पद्धतीची असते, आपल्या जुन्या डबा टीव्हीवर लगेच लागते.

याच कारणाने आपल्याकडच्या लोकांना लहानपणीच्या गेमचं संगीत आठवतं ते मूळापेक्षा सावकाश. या गेमचा वेग टीव्ही किती वेळा चित्र काढतो त्यावर बांधलेला, जपान-अमेरिकेत सेकंदाला ६०, आपल्याकडे ५०. सगळं साधारण एक षष्ठांशाने हळू. माझा मुलगा मोबाइलवर मारिओ लावतो तेव्हा मला तो घाईत असल्यासारखा वाटतो, चूक त्याची नाही, माझे कान पॅलचे.

ऑनलाइन मशीन मागवू का, तर आत्ता नको. एक तर 'ओरिजनल' म्हणून जे नवीन चकचकीत येतं त्याच्या आत बहुतेक सगळं एकाच काळ्या ठिपक्यात असतं, म्हणजे तीही नक्कलच. दुसरं म्हणजे अमेरिकन-युरोपियन मशीन मागवलंत तर तुमच्या कॅसेटी त्यात जाणारच नाहीत. तुमच्या ६० पिनांच्या, त्या मशीनला ७२ लागतात. फॅमिकॉममधे कॅसेट ओळखणारी कुलूप-चिप नव्हती, ती निन्टेन्डोने १९८५ ला अमेरिकेसाठी बनवलेल्या मशीनमधे घातली. जिथे कुलूप नाही तिथे नक्कल करणाऱ्यांना रान मोकळं, म्हणून तैवान-हाँगकाँगचा माल आखातात आणि भारतात आला तो सगळा ६० पिनांचा. मुंबई-पुण्याकडच्यांना समुराई, लिटल मास्टर, नंतर मिताशी ही अशा मशीनांची नावं आठवतील, आमच्या गोव्यात मात्र घरटी कोणी ना कोणी आखातात नाहीतर बोटीवर, त्यामुळे इथे बिननावाचं बाहेरून आलेलं जास्त.

आणि 'ओरिजनल' इतकं दुर्मिळ का तेही बघा. निन्टेन्डोसारख्याच सेगा कंपनीने १९९५ साली इथल्या शॉ वॉलेस कंपनीबरोबर करार करून आपलं मेगा ड्राइव्ह नावाचं टीव्ही गेम मशीन भारतात आणलं, आयातीवर ८० टक्के कर होता तो चुकवायचा मार्ग म्हणून, तरी मशीनची किंमत १८,००० रुपये! त्या काळी एवढ्यात घरातला रंगीत टीव्ही बदलून झाला असता. कोण घेणार होतं?

बरं, आता कॅसेटी. लेबलावर विश्वास ठेवू नका. नव्वदच्या डुप्लिकेट कॅसेटीवर चित्र एकाचं, नाव दुसऱ्याचं, आत गेम तिसराच, हे रोजचं होतं. उघडून बघा. फॅमिकॉमच्या आकाराच्या कॅसेटी बहुतेक खटक्यावर बंद होतात, स्क्रू नसतो. जुनं एटीएम कार्ड फटीत सरकवा आणि कडेने हळूहळू फिरवा, स्क्रू ड्रायव्हर घालू नका, प्लास्टिक ३० वर्षांचं आहे, खटके तुटतात. आत साधारण तीन प्रकार दिसतील.

खऱ्या कॅसेटीत नीट हिरवा बोर्ड, त्यावर पायवाल्या काळ्या आयसी, एक प्रोग्रॅमची आणि बहुतेक वेळा एक चित्रांची. निन्टेन्डोच्या बोर्डावर 'एचव्हीसी' ने सुरू होणारा कोड छापलेला असतो. नामको, कोनामीसारख्या कंपन्या जपानमधे आपल्या कॅसेटी आपणच बनवायच्या, त्यांचे बोर्ड वेगळे दिसतात म्हणून ते डुप्लिकेट समजू नका.

दुसरा प्रकार म्हणजे बोर्डावर आयसीच नाही, फक्त डांबराचा थेंब टाकावा तसा काळा इपॉक्सीचा गोळा. नव्वद टक्के वेळा ही डुप्लिकेट. नव्वदच म्हणतो कारण काही खऱ्या जपानी कॅसेटींतही असा गोळा सापडतो, तेव्हा एका खुणेवर निकाल देऊ नका. गोळा, बोर्डावरचं छापील, लेबलचा कागद, सगळं मिळून बघा.

तिसरा प्रकार कमी दिसतो पण मला सगळ्यात आवडतो, आयसीच्या डोक्यावर स्टिकर आणि स्टिकरखाली गोल काचेची खिडकी. हा ईप्रॉम, कोणीतरी एकेक करून हाताने भरलेला. तो अतिनील प्रकाशाने पुसला जातो, म्हणून तो स्टिकर चुकूनही काढू नका आणि उघडी कॅसेट उन्हात तर अजिबात ठेवू नका. उन्हात ठेवून 'कोरडी' करायला गेलेला एक गृहस्थ मला माहीत आहे. कॅसेट कोरडी झाली खरी, आतून पण.

९९९९ गेमवाल्या कॅसेटी असतील तर त्यांच्यावर एक संध्याकाळ घालवाच. मारिओचा १९८५ चा पहिला गेम सगळा मिळून ४० केबीचा, तुम्ही ज्याला 'टँक' म्हणता तो २४ केबीचा. ५१२ केबीच्या चिपमधे असे डझनभर आरामात बसतात, वर एक मेनू आणि कुठला तुकडा मशीनला दाखवायचा ते ठरवणारी एक स्वस्त आयसी. बाकीचे हजारो म्हणजे तेच डझनभर, कुठे पाचव्या लेव्हलपासून सुरू, कुठे उडी उंच. आम्ही ते चारशे-पाचशेपर्यंत मोजत बसायचो, नवीन येईल या आशेने.

'टँक' वरून आठवलं. तो नामकोचा बॅटल सिटी, १९८५ चा. जपानबाहेर तो त्या काळी अमेरिकेत अधिकृतपणे दुकानात आलाच नाही, पण गोव्यातल्या, अख्ख्या भारतातल्या पोराला तो पाठ! कारण छोटा होता म्हणून प्रत्येक मल्टी कॅसेटीत घातला गेला. आपलं बालपण कुठल्या गेमचं असावं हे चिपच्या साइझने ठरवलं, एवढं सरळ आहे ते. म्हणूनच मी डुप्लिकेट फेकत नाही, अमेरिकन संग्राहकाच्या कपाटात ही गोष्ट सापडणार नाही.

चालू करून बघायच्या आधी साफसफाई. फुंकर मारू नका. आपण सगळ्यांनी मारली, मीही मारली, चालायचंही. पण चालायचं ते कॅसेट काढून परत घातल्यावर पिना घासल्या जायच्या म्हणून, फुंकर फक्त तोंडातली ओल आत टाकायची. एक तर आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, वर खारी हवा, त्यात ही जादा ओल कशाला. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, कानातली कापसाची काडी बुडवा, निथळवा आणि पिना एकाच दिशेने पुसा. काडी काळी होते ती थांबेपर्यंत बदलत राहा. मेडिकलमधलं ७० टक्क्यांचं चालतं पण त्यात पाणी असतं, वाळायला रात्रभर ठेवावं लागेल. हिरवट गंज चढलेला असेल तर मऊ पांढरा खोडरबर हलक्या हाताने, नंतर परत अल्कोहोल. पॉलिश पेपर नको, नकली कॅसेटींवरचा मुलामा इतका पातळ असतो की दोन घासांत खालचं तांबं दिसतं. आणि हो, म्हापशाच्या एका गिऱ्हाइकाने फेणीने पुसून आणल्या होत्या. कल्पना वाईट नव्हती, पण फेणीत निम्म्याहून जास्त पाणी आणि वर काजूचा अर्क, पिना चिकट आणि दुकानात दोन दिवस वास.

मशीनच्या स्लॉटमधे काहीही फवारू नका. साफ केलेली एक साधी कॅसेट अल्कोहोलने किंचित ओली करून आठ-दहा वेळा घाला-काढा, दर वेळी पुसा. स्लॉट तेवढ्याने बऱ्यापैकी साफ होतो. मग अर्धा दिवस थांबा.

बंदुकीचं सांगून ठेवतो, 'बदक' लागलं पण नेम बसत नाही म्हणून बंदूक खराब समजू नका. ती पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर ज्या क्षणी पडदा उजळतो तो क्षण पकडते, एलसीडी-एलईडीवर चित्र उशिरा येतं म्हणून चालतच नाही. कोणाकडे डबा टीव्ही असेल तर भंगारात जाऊ देऊ नका, बाकीचे गेमही त्यावरच खरे दिसतात.

किंमत. आकडा मी देणार नाही, फोटो न बघता देणारा कोणी भेटला तर त्यालाही विचारा की कशावरून. काळा गोळा असलेल्या सुट्या कॅसेटींना फार काही येत नाही, हणजूणच्या बुधवारच्या बाजारात ढिगाने मांडल्या तरी लोक उचलून 'अरे ही!' म्हणतात आणि परत ठेवतात. त्यात तीन-चार खऱ्या जपानी निघाल्या तर त्यांचं वेगळं, आणि त्यातही कुठला गेम, लेबल कसं, यावर. पण मशीन, बंदूक, अडॅप्टर आणि ३४ कॅसेटी एकाच घरातल्या, कोणी कुठून आणल्या ते माहीत असलेल्या, असा अख्खा संच असेल तर माझ्यासारखा माणूस सुट्यापेक्षा जास्त देतो. आणि इथेच ते पेनाचं लिहिलेलं येतं. लेबलवर चिनी अक्षरं, गेमचं नाव वाचता येत नाही, म्हणून कोणीतरी 'माकड' लिहिलं. डाँकी काँग म्हणजे माकड. ते पुसलंत तर शिल्लक राहते एक साधी डुप्लिकेट कॅसेट, तशा हजारो आहेत. शिवाय स्पिरिटने बॉलपेनबरोबर लेबलची शाईही जाऊ शकते, म्हणजे दोन्हीकडून तोटा.

ठेवायच्या कशा ते पटकन सांगतो. माळ्यावर परत नको, कौलाखाली मे महिन्यात भट्टी असते. पत्र्याची पेटी नको, गंजते. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, शाई उतरते आणि कसर लागते. प्लास्टिकचा घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, त्या पावसाळ्यात दोनदा तरी गरम करून परत घालायच्या. आणि उघडताना एखाद्या कॅसेटीत नाण्याएवढी बॅटरी दिसली तर ती गेम सेव्ह करायची, बहुतेक मेलेली असेल, ती बदलायला स्वतः सोल्डर लावू नका, पत्र्यासकटची मिळते ती कोणाकडून तरी बसवून घ्या.

एक शेवटचं, कारण तुम्ही पाठवलेल्या यादीत कॉन्ट्रा हा गोळीबाराचा गेम आहे. कोनामीने तो १९८८ ला जपानमधे काढला तेव्हा कॅसेटीत स्वतःची खास चिप घातली होती. अमेरिकेत निन्टेन्डो बाहेरच्या कंपन्यांना स्वतःच्या चिप वापरू देत नसे, तिथली कॅसेट साध्या बोर्डावर आली आणि काही गोष्टी गळल्या. दोन लेव्हलच्या मधला नकाशा गेला, आणि पहिल्याच जंगलात मागची माडासारखी झाडं वाऱ्यावर हलायची ती थांबली. नकला दोन्हींच्या झाल्या. माझ्या दुकानात पहिल्यांदा हलणारी झाडं दिसली तेव्हा मला वाटलं चिप खराब आहे म्हणून चित्र थरथरतंय, अर्धा तास पिना घासत बसलो होतो.

तेव्हा आधी अडॅप्टर मीटरने मोजा, मशीनचे रिमोट बघा, चार-पाच कॅसेटी उघडून बोर्डाचे फोटो दोन्ही बाजूंनी काढून इथे टाका, कॉन्ट्राचा आधी. आणि सगळं पुसून-वाळवून झालं की तीच पहिली लावा, स्टार्ट दाबल्यावर काही करू नका, गोळी खाऊन मेलात तरी चालेल, मागची झाडं हलतात का तेवढं बघून सांगा.